वाणात दिलेला भाग पहिला

"पण डोक्यावर बरणी काऊन घातली असंल तिनं?"

माझ्या मागे सतरंजीवर बसलेल्या दोघींपैकी एकीनं हे हळू आवाजात विचारलं. दुसरी म्हणाली, तिकडं हवा नसते म्हणून, माझ्या पोरानं सांगितलं. पहिलीला ते पटलं नसावं. "हवा नाही त बरणीत कुठून आली?" एवढं ती म्हणाली आणि तेवढ्यात घरची बाई हळदीकुंकवाचं पंचपाळं घेऊन त्यांच्यापुढे आली, म्हणून विषय तिथंच राहिला.

मी मागे वळून पाहिलं नाही. वळले असते तर त्या गप्प झाल्या असत्या. माझ्या शेजारी वहिनी बसली होती आणि तिनंही ऐकलं होतं, कारण तिळगुळाचा तुकडा तिच्या हातात तसाच राहिला होता. बरणी तिनंच काढली होती. म्हणजे हेल्मेट. तसं हेल्मेट घातलेली एक मुलगी चव्वेचाळीस पानांत एकूण एकशे साठेक वेळा तरी तिनं काढली होती, आणि चारच दिवसांपूर्वी आमच्या घरच्या हळदीकुंकवाला ते पुस्तक तिनं गल्लीतल्या बायकांना वाण म्हणून दिलं होतं.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लोणारमध्ये, आणि सगळीकडेच, बायका संध्याकाळी एकमेकींच्या घरी जातात. कुंकू लावतात, बोरं-हरभऱ्याची ओटी भरतात आणि काहीतरी वस्तू देतात. वाण लुटणं म्हणतात त्याला. वस्तू म्हणजे बहुतेक वेळा स्टीलची वाटी, प्लॅस्टिकची चाळणी, कंगवा, साबणाची डबी. आमच्या स्वयंपाकघरात अशा लुटून आणलेल्या सतरा वाट्या आहेत आणि सतरापैकी कुठल्याही दोन सारख्या नाहीत. मला वाण मिळत नाही, कारण माझं लग्न झालेलं नाही. मला कुंकू आणि तिळगूळ मिळतो, आणि आई म्हणते म्हणून मी सोबत जाते.

वाणात पुस्तक देणंही इथं नवीन नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं उद्यापन झालं की बायका फळासोबत व्रताच्या पोथीची एकेक प्रत देतात. पण वाणात विज्ञानकथेचं चित्रपुस्तक, आणि तेही त्या घरच्या सुनेनंच काढलेलं, हे याआधी कुणी दिल्याचं मी ऐकलेलं नाही. ते कसं झालं, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

मी पुण्यात एक वर्ष नोकरी केली आणि परत आले. का आले, हे मी कुणाला नीट सांगितलेलं नाही. परत येताना एका पिशवीत इंग्रजी कॉमिक्स होती, जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून घेतलेली. इकडे इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात. मी मेहकरच्या कॉन्व्हेंटला बसनं जात होते आणि तिथल्या कपाटात अशी पुस्तकं होती, तेव्हापासूनची ती सवय. घरात कुणी ती उघडून पाहिली नव्हती. वहिनीनं पाहिली.

वहिनी आमच्याच जिल्ह्यातल्या उंद्रीची. ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी आहे, तरी नणंद म्हणून मला ताई म्हणते आणि अहो-जाहो करते. तिनं चित्रकला शिक्षकाचा कोर्स केलेला आहे, पण जागा निघाली नाही. लग्नानंतर ती आसपासच्या डी.एड.च्या मुलींना तक्ते काढून द्यायची. पचनसंस्था, फुलाचे भाग, सूर्यमाला. तिच्या हातची रेघ मोडत नाही. दादा कृषी केंद्र सांभाळतो आणि बियाण्यांच्या भावफलकावरची कणसंसुद्धा तिनंच रंगवलेली आहेत.

त्या कॉमिक्समधलं एक तिनं आठवडाभर ठेवून घेतलं. एका मोठ्या मालिकेचा तो पहिला भाग होता. दूरच्या ग्रहावरची वसाहत, दोन राजघराणी, खूप यानं. दुपारी स्वयंपाकघर आवरलं की ती मला एकेका चौकटीतलं विचारायची आणि मी मराठीत सांगायची. मला स्वतःला तो भाग थोर वाटत होता. कॉलेजात मी त्यावर चार पानं लिहिली होती, कुणाला न दाखवता. शेवटचं पान झाल्यावर मी वहिनीला विचारलं, कसं वाटलं.

ती म्हणाली, "ताई, पूर्ण पुस्तकात कुणी जेवलं नाही."

मी म्हटलं, असेल.

"पाणीसुद्धा प्यायलं नाही कुणी. एवढे दिवस चालले. लढले पण. आणि यानात भांडं कुठं दिसलं नाही."

मी ते पुस्तक नऊ-दहा वेळा वाचलं होतं. त्या दिवशी रात्रीच्या जेवणाआधी पुन्हा एकदा चाळलं. एका पानावर मेजावर पेला होता, पण तो रिकामा होता.

त्यानंतर महिन्याभरात तिनं स्वतःचं सुरू केलं. तक्त्यांच्या उरलेल्या कार्डशीटवर, पेन्सिलीनं. गोष्ट अशी: एका ओसाड चंद्रावर मोठा खड्डा आहे आणि खड्ड्याच्या तळाशी खारं तळं. तळ्याकाठी एक ठाणं. ठाण्यातली माणसं सामान आणायला निघून गेली आहेत आणि यंत्रं सांभाळायला एका मुलीला मागं ठेवलं आहे. मुलीपाशी पाणी संपतं. शोधता शोधता तिला खड्ड्याच्या भिंतीत एक गोड्या पाण्याची बारीक धार सापडते, आणि ती रोज चढून जाऊन ते पाणी भरून आणते. स्वतःला लागतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. पानामागून पान भांड्यांची रांग वाढत जाते. मधूनमधून तळ्याच्या काठावर हिरवे ठिपके दिसतात, पण ते काय आहेत हे कुणी सांगत नाही. मुलीच्या तोंडी फारसे शब्दच नाहीत.

आमच्या गावात राहणाऱ्याला हा खड्डा कुठला, हे वेगळं सांगायला नको. वहिनीनं तो लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला, देवीच्या दर्शनाला खाली उतरताना. तळ्याचं पाणी तेव्हा गुलाबी झालं होतं आणि बाहेरगावचे लोक फोटो काढायला येत होते. ती मला एकदा एवढंच म्हणाली की खाली पोचल्यावर वरच्या गाड्यांचा आवाज थांबला, आणि तिला परत वर चढायची घाई वाटली नाही.

पेन्सिलीची शेवटची पानं तिनं मला ओट्यापाशी दाखवली. हिवाळा सुरू झाला होता, ती मेथी निवडत होती. यान येतं. शिडी खाली येते. मुलगी शिडीपाशी जाते, वर पाहते आणि मागं फिरते. पुढच्या पानावर यान लहान होत होत खड्ड्याच्या कडेपलीकडे जातं. त्यानंतर ती पहिलं भांडं उचलते आणि काठावरच्या हिरव्या ठिपक्यांवर ओतते. ते ठिपके म्हणजे जिवंत काहीतरी आहे. तळं आटत चाललंय आणि ते कोरड्यावर अडकलेत. पाणी पडल्यावर ते उजळतात. शेवटच्या पानावर एकही शब्द नव्हता. वरून पाहिलेला सगळा खड्डा, काठानं हिरवी रेघ, आणि तीळभर मुलगी.

मी ते पान बराच वेळ हातात धरून उभी होते. वहिनीनं निवडलेली मेथी पाण्यात टाकली, धुतली, निथळत ठेवली.

"कसंय?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "लोकांना पटणार नाही."

"हो ना," ती म्हणाली. "यान आल्यावर कोण थांबेल."

मग ती भाजी चिरायला लागली. मी पान खाली ठेवलं आणि माझ्या खोलीत गेले. तिनं मला लोकांचं विचारलं नव्हतं. पण लोकांचं सांगणं मला सोपं जातं. पुण्यात ऑफिसच्या बैठकीतही मी हेच करायची. ग्राहकाला हे आवडेल असं वाटत नाही, असं म्हणायचं, म्हणजे स्वतःला काय वाटतं ते कुणी विचारत नाही.

दोन दिवसांनी तिनं शेवटची चार पानं नवी काढली. मुलगी शिडी चढते, खिडकीतून हात हलवते, आणि खाली चौकटीत वाक्य: आणि ती सुखरूप घरी पोहोचली. तिनं दाखवल्यावर मी छान आहे म्हटलं.

छपाई मेहकरच्या एका छापखान्यात झाली. मालक लग्नपत्रिका छापतो. हिवाळा म्हणजे त्याचा हंगाम, तरी दादाच्या ओळखीनं त्यानं काम घेतलं. पानं बदलण्याआधीच वहिनी मुखपृष्ठ देऊन आली होती, आणि ते छापूनही झालं होतं: 'खारं पाणी', खाली 'भाग पहिला'. छापखानेवाल्यानं आपल्या हातच्या सवयीनं पहिल्या पानावर माथ्याशी गणपतीचा छाप आणि 'श्री गणेश प्रसन्न' टाकलं. मुखपृष्ठाला लाल कागद आणि पिवळी किनार दिली. पन्नास सांगितल्या होत्या, त्यानं एक्कावन्न काढल्या, शुभ असतं म्हणून. वहिनीला हसावं की रडावं कळेना. मी गणपतीवर कागद चिकटवू या म्हटलं. आई म्हणाली, देवावर कागद चिकटवते का कोणी.

आईचं मत सुरुवातीपासून एकच होतं. वाटी दिली असती तर बायकांच्या कामी आली असती. ती हे रागानं म्हणत नव्हती. सून काहीतरी वेगळं करते याचा तिला अभिमानही होता आणि संकोचही, आणि दोन्ही एकाच वाक्यात यायचे. "आमच्या सुनेनं लिहिलंय वं पुस्तक," असं ती प्रत्येकीला सांगत होती आणि त्याला लागूनच, "पुढच्या वर्षी वाटी देऊ."

त्या संध्याकाळी काय झालं ते मी दारामागून पाहिलं. वहिनी एकेकीच्या हातात पुस्तक ठेवायची. लाल-पिवळं मुखपृष्ठ, त्यावर 'भाग पहिला', आत गणपती. बायकांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि पंचपाळ्यात बोट बुडवून पुस्तकालाही हळदकुंकू वाहिलं. ठिपका नेमका पडायचा तो मुखपृष्ठाच्या मधोमध, मुलीच्या हेल्मेटच्या काचेवर. संध्याकाळभर चाळीसएक बायकांनी हे केलं. वहिनी प्रत्येकीला सांगणार होती की ही पोथी नाही, पण पहिल्या दोघी-तिघींना सांगून झाल्यावर तिनं सोडून दिलं.

पुढचे पंधरा दिवस आम्ही घरोघर गेलो आणि मतं ऐकत आलो. कुणी वहिनीला तोंडावर काही सांगत नव्हतं. तोंडावर सगळं छानच होतं. मतं बाजूनं यायची. एका घरी पुस्तक फ्रीजवर होतं, एका घरी पोरानं हेल्मेटला मिशा काढल्या होत्या. ग्रामीण रुग्णालयात नर्स असलेल्या एकीनं मला विचारलं की मुलीनं पाण्याची भांडी उघडी काऊन ठेवली, शेवाळ येतं. तिच्या घरी नळाला आठव्या-दहाव्या दिवशी पाणी येतं, आमच्याकडेही तसंच. आणखी दोघींचं म्हणणं हेच होतं. भांड्यांवर झाकणं हवी होती. वहिनीनं घरी येऊन आपली प्रत काढली, एका पानावर पेन्सिलीनं दोन झाकणं काढून पाहिली आणि पुस्तक परत ठेवून दिलं.

शेवटाबद्दल मात्र मी म्हटलं होतं तसंच झालं, निदान सुरुवातीला. बरं झालं, पोरगी घरी गेली, असं तिघी-चौघी म्हणाल्या. ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. वहिनीच्या तोंडाकडे मी त्या वेळी पाहिलं नाही.

मग बांगड्यावाली चाची आली. ती आमच्याकडे वर्षातून तीन-चारदा येते, संक्रांतीच्या दिवसांत नक्की. मोठ्या मशिदीमागं तिचं घर आहे, नवरा लाखेची कामं करतो आणि ती घरोघर जाऊन बांगड्या भरते. त्याआधीच्या आठवड्यात आईला बांगड्या भरून गेली तेव्हा वहिनीनं तिलाही एक प्रत दिली होती, वाण म्हणून नव्हे, सहज. चाचीला मराठी वाचता येत नाही. तिनं नातीकडून दोनदा वाचून घेतलं होतं.

वहिनीचा हात धरून बांगडी चढवता चढवता ती म्हणाली की चित्रं एक नंबर आहेत. खड्डा तर आपलाच आहे. मग मनगटापाशी बांगडी अडली, तिनं वहिनीचा अंगठा आत दाबला आणि तेवढ्याच सहजपणे विचारलं, "एक बात बता बेटा. इत्ता पानी भरी वो, चढ-चढ के. फिर गाडी आई तो बैठ के चली गई. तो पानी किसके वास्ते भरी?"

मी समोर बसले होते. चाचीनं माझ्याकडे पाहिलं, जणू शिकलेल्या मुलीला ठाऊक असेल. मी म्हटलं, तिला प्यायला असेल. चाची म्हणाली, "अकेली लडकी कित्ता पिएगी?" आणि दुसरा हात मागितला.

त्या संध्याकाळपासून वहिनीनं पुस्तकाचा विषय काढला नाही. आईनं विचारलं की पुढचा भाग खरंच काढणार आहेस का, तर ती म्हणाली, संपली गोष्ट, ती घरी गेली, आता कशाचा भाग. ती चिडलेली नव्हती. कपडे वाळत घालताना बोलावं तसं म्हणाली. आईनं लगेच दादाला सांगितलं की जालन्याला जाशील तेव्हा वाट्या पाहून ये, पुढच्या संक्रांतीच्या.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी मी वरण टाकायला डाळीचा डबा खाली घेतला. फडताळात नवा कागद अंथरलेला होता. कार्डशीट, कोऱ्या बाजूनं. एका कोपऱ्याची घडी उलटी झाली होती आणि तिथं पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. मी तेलाचा आणि पोह्याचा डबाही उचलला. तुरीच्या डाळीच्या डब्याखाली शेवटचं पान होतं, वरून पाहिलेला खड्डा. उलटून पाहिलं तर डब्याच्या बुडाचा तेलकट गोल चित्राच्या बाजूलाही उमटला होता, जवळजवळ खड्ड्याच्या कडेवरच. बाकीची तीनही पानं शेजारी होती. तिनं ती टाकली नव्हती, एवढं म्हणता येईल. कागद चांगला जाड आहे, डब्यांना उपयोगी पडतो.

वहिनी मागं येऊन उभी राहिली. "तिथं मुंग्या होत होत्या," ती म्हणाली.

मी डबे होते तसे ठेवले आणि डाळ धुवायला घेतली.

रथसप्तमीला शेवटचं हळदीकुंकू आमच्या समोरच्या काकूंकडे असतं. काकू सत्तरीच्या आहेत, त्यांचे यजमान, मुलगा आणि सून सुलतानपूरला शेतीवर राहतात आणि त्या इथं एकट्या. सकाळी अंगणात गोवरीवर दूध उतू घातलं होतं, त्याचा जळका वास संध्याकाळपर्यंत होता. पंधरा-सोळा बायका असतील. आई, वहिनी आणि मी भिंतीला टेकून बसलो. समोर देव्हारा होता आणि देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या डाव्या बाजूला, 'खारं पाणी, भाग पहिला'. वर ताजं जास्वंदीचं फूल.

मी वहिनीला कोपरानं खुणावलं. तिनं आधीच पाहिलं होतं.

काकूंनी सगळ्यांना कुंकू लावून झाल्यावर वहिनीपुढं बसकण मारली. त्यांचं काम सरळ होतं. त्यांनी संक्रांतीनंतरच्या गुरुवारी अंघोळ करून, दिवा लावून, वाचायला घेतलं. रोज पाच पानं. काही चित्रं कळली, काही नाही. देवी कोणती ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण पाण्याची असावी असं त्यांना वाटलं, आणि ती पोरगी तिची सेवा करते. पहिला अध्याय झाला. आता त्यांना दुसरा हवा होता.

कुणीतरी हसलं. एकीनं काकूंना समजावलं की ते पोरांचं पुस्तक आहे, पोथी नव्हे, सुनेनं मनानं काढलंय. काकूंना राग आला नाही. त्या म्हणाल्या, सगळ्याच पोथ्या कोणीतरी मनानंच लिहिल्या असतील. "पण म्या त दिवा लावून वाचलं ना. आता अर्धी पोथी कशी ठिवू वं घरात? धरली म्हणजे पुरी करा लागते."

"पुरी झाली काकू," वहिनी म्हणाली. "शेवटी ती घरी गेली ना."

"मंग भाग पहिला काऊन लिवलं?"

वहिनीनं सांगितलं की मुखपृष्ठ आधी छापून झालं होतं.

"अन् त्या घागरी?" काकूंनी विचारलं. "मोजल्या म्या. सदतीस घागरी भरून ठिवल्या तिनं. कोणाले तरी द्याच्या असतीन ना त्या. थे न देताच गेली? असं नाही करत कोणी."

आई मध्ये पडली. म्हणाली, "काकू, लेकरू शिकून राह्यलं अजून. पहिलंच पुस्तक होतं. पुढच्या वर्षी वाट्या देऊन राह्यलो आम्ही." हे तिनं सुनेला वाचवायला म्हटलं होतं, हे मला कळत होतं. वहिनीलाही कळलं असावं, कारण ती हसली, आणि हसत हसतच म्हणाली, "हाव, काकू. ते देव्हाऱ्यातून काढून ठेवा तुम्ही. रद्दीत दिलं तरी काही पाप नाही लागणार."

काकू उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, हळू. त्यांनी जास्वंद बाजूला केलं, पुस्तक उचललं, कपाळाला लावलं आणि ते कुठं ठेवावं हे न कळून हातात घेऊन उभ्या राहिल्या. एक बाई तिळाची रेवडी कागदातून सोडवत होती, त्याचा आवाज येत होता. वहिनी खाली आपल्या नव्या बांगड्यांकडे पाहत होती.

या सगळ्या बायकांनी त्या पंधरा दिवसांत मला माझ्याबद्दल दोनच गोष्टी विचारल्या होत्या: पुण्याला परत कधी जाणार, आणि स्थळं पाहायला सुरुवात केली का. दोन्हीला मी बघू म्हटलं होतं. पुस्तक कसं वाटलं, हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्या दिवशीही विचारलं नाही. वाण घेणाऱ्यांत मी नव्हतेच. पण वहिनीनं विचारलं होतं, ओट्यापाशी, मेथी निवडताना. त्याचं उत्तर अजून द्यायचं राहिलं होतं.

मी बसल्या जागीच बोलले. आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला, रेवडीवाली थांबली.

"ती गेली नाही, काकू. शेवटची चार पानं खोटी आहेत, माझ्या सांगण्यावरून बदललेली. खरी आमच्या डाळीच्या डब्याखाली आहेत, आणि मला तीच आवडली होती."